घरी पहिलं पॉट स्टिल बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉट स्टिल, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करणारं साधं यंत्र. ते बनवायचं कसं हे विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचं सगळं लक्ष भांड्यावर असतं: तांब्याचं घेऊ की स्टीलचं, झाकण घुमटाकार हवं की सपाट चालेल. अडचणी मात्र भांड्याच्या पुढे सुरू होतात. नळी अरुंद पडते, वाफ थंड करणाऱ्या बादलीतलं पाणी तापतं, किंवा सांधे इतके पक्के होतात की वाफेला वाटच उरत नाही. म्हणून उत्तरांत त्या भागांना जास्त जागा दिली आहे. इथलं यंत्र शुद्ध पाणी, फुलापानांचे अर्क आणि सुगंधी तेलं यांच्यासाठी आहे. दारूचा प्रश्न हमखास येतो, त्याचं उत्तर प्रश्न ३ मध्ये आहे.

१. पॉट स्टिल म्हणजे नेमकं काय? त्यात किती भाग असतात?

एक भांडं, त्यावर नीट बसणारं झाकण, झाकणातून निघणारी नळी आणि त्या नळीतल्या वाफेचं पुन्हा पाणी करणारा कंडेन्सर. बस्स, एवढंच. भांड्यात उकळी येते, वाफ नळीतून पुढे जाते, थंड होते आणि दुसऱ्या टोकाला थेंब पडायला लागतात. मोठ्या कारखान्यांत उंच मनोरे असतात, त्यांत वाफ वर जाता जाता पुन्हा पुन्हा थंड होते आणि पुन्हा उकळते. पॉट स्टिलमध्ये हे एकदाच घडतं. म्हणून ते बनवायला सोपं आहे, आणि म्हणूनच दोन मिसळलेले द्रव त्यात पूर्ण वेगळे होत नाहीत.

२. सुगंधी तेलं तर २०० अंशांच्या आसपास उकळतात. मग १०० अंशांच्या वाफेबरोबर ती येतात कशी?

लॅव्हेंडरमधलं लिनालूल १९८ अंश सेल्सियसला उकळतं, गुलाबातलं जिरॅनिऑल सुमारे २३० ला. पण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघांचा बाष्पदाब (वाफेचा दाब) स्वतंत्रपणे मोजला जातो आणि त्यांची बेरीज होते. ती बेरीज बाहेरच्या हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळतं. अर्थात हे १०० अंशांच्या किंचित आधीच होतं. वाफेत पाणी भरपूर आणि तेल थोडं असतं, पण तेल येतं, आणि न जळता येतं. सगळी गंमत यातच आहे.

३. याच यंत्रावर दारू काढता येईल का?

यंत्राचं तत्त्व तेच आहे, पण कायदा आणि धोका दोन्ही वेगळे. परवान्याशिवाय घरी मद्य गाळणं बहुतेक देशांत गुन्हा आहे. न्यूझीलंडने १९९६ पासून स्वतःपुरतं गाळायला मुभा दिली आहे, पण तो अपवाद. काही ठिकाणी तर यंत्र बाळगण्यासाठीही नोंदणी लागते, म्हणून फक्त अर्क काढायचे असले तरी आपल्या भागातला अबकारी नियम आधी बघून घ्या.

धोक्याचं म्हणाल तर पाण्याची वाफ गळली तर फार तर हात भाजतो. अल्कोहोलची वाफ गळली तर ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि शेगडीच्या ज्योतीपाशी पोचून पेट घेते. शुद्ध अल्कोहोलवर १७ अंशांच्या आसपासच पेट घेण्याइतकी वाफ तयार होते. मिथेनॉल या विषारी अल्कोहोलबद्दल आणखी एक गैरसमज: 'पहिला भाग फेकला की मिथेनॉल गेलं.' पॉट स्टिलमध्ये मिथेनॉल असं सुटून पहिल्या भागात गोळा होत नाही. विषारी दारूने माणसं मरतात ती मुख्यतः औद्योगिक मिथेनॉलची भेसळ केल्यामुळे, आणि भेसळ झालेली दारू पुन्हा गाळून सुरक्षित होत नाही. मद्य गाळण्याची रीत इथे दिलेली नाही.

४. पहिलं यंत्र किती लिटरचं असावं?

५ ते १० लिटर. त्याहून लहान घेतलं तर पानं-फुलं मावत नाहीत आणि हाती येतं ते चमचाभर. मोठं घेतलं तर उकळी यायलाच पाऊण तास जातो आणि थंड करायला पाण्याची टाकी लागते. भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचं नाही, हे धरूनच माप ठरवा. फेस येणारं काही असेल तर अर्धंच भरा.

५. तांबं, स्टील, ॲल्युमिनियम, काच: कशाचं भांडं घेऊ?

पहिल्या यंत्राला साधं स्टेनलेस स्टीलचं जाड बुडाचं भांडं आणि तांब्याची कॉइल (वेटोळी नळी), हे माझं मत. स्टील गंजत नाही, घासता येतं, सहज मिळतं. तांब्याची नळी हाताने वळते आणि उष्णता झटकन बाहेर सोडते. पूर्ण तांब्याचं यंत्र दिसायला देखणं असतं. तांबं गंधकाचे उग्र वास धरूनही ठेवतं. पण ते प्रत्येक वेळी स्वच्छ ठेवावं लागतं (प्रश्न १८), आणि साध्या इंडक्शन शेगडीवर ते तापत नाही.

बोरोसिलिकेट (उष्णता सोसणारी) काच उत्तम, आत काय चाललंय ते दिसतं. फक्त फुटते. ॲल्युमिनियम आंबट आणि खारट दोन्हींनी झिजतं, ते टाळा. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा पाइप वाफेच्या वाटेत अजिबात नको. पितळी जोड वापरायचेच असतील तर शिसं नसलेले घ्या, कारण कापायला सोपं जावं म्हणून नेहमीच्या पितळात थोडं शिसं घातलेलं असतं. जुना गाडीचा रेडिएटर कंडेन्सर म्हणून वापरण्याची कल्पना कुणीतरी दर वेळी मांडतं. त्याच्या सांध्यांत शिसं असतं आणि त्यातून लोकांना विषबाधा झालेली आहे. तो विषय तिथेच संपवा.

६. घरातला प्रेशर कुकर वापरला तर?

चालतो, आणि अनेकांची सुरुवात त्यानेच होते. शिट्टी काढायची आणि त्या तोंडावर नळी बसवायची. पण दोन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली, ते तोंड अगदी बारीक असतं. पानाचा एक तुकडा अडकला तरी वाट बंद. म्हणून कुकरमध्ये पानं-फुलं सुटी टाकू नका, कापडी पुरचुंडीत बांधा किंवा जाळीवर ठेवा, भांडं अर्ध्याच्या वर भरू नका आणि आच कमी ठेवा. दुसरी, सेफ्टी व्हॉल्व जसाचा तसा राहू द्या. 'तिथून वाफ गळते' म्हणून तो एम-सीलने बुजवणारे लोक आहेत! तिथून वाफ येते आहे म्हणजे पुढे वाट अडली आहे, हेच तो सांगतो.

कुकरची रबरी गास्केट सुगंध शोषून घेते. एकदा निलगिरी काढलीत की त्या कुकरमधल्या भाताला पुढे बराच काळ निलगिरीचा वास येत राहील. जुना कुकर याच कामाला वेगळा काढलेला बरा.

७. साध्या भांड्याच्या झाकणाचा सांधा कशाने बंद करू?

कणकेने. पीठ नुसत्या पाण्यात घट्टसर मळा, बोटाएवढी वळी करा आणि झाकणाच्या कडेने दाबून बसवा. उष्णतेने ती कडक होते आणि वाफ अडवते. कुठे फुसफुसलं तर वरून चिमूटभर ओली कणीक लावायची. जुना आणि सगळ्यांत चांगला उपाय आहे. शिवाय आत दाब वाढला तर भांडं फाटण्याआधी कणीक सुटते आणि झाकण उचललं जातं. म्हणूनच झाकणावर वीट ठेवू नका किंवा ते तारेने आवळू नका.

आट्यांच्या जोडांना पांढरी पीटीएफई (टेफ्लॉन) टेप चालते, ती २६० अंशांपर्यंत टिकते. पीव्हीसीची नळी, एम-सील, गरम गोंद यांतलं काहीही गरम वाफेच्या वाटेत नको.

८. झाकणापासून कंडेन्सरपर्यंतची नळी किती जाड हवी?

आतून किमान १२ मिलिमीटर, १५ असेल तर उत्तम. आकडा कुठून आला ते बघा. भांड्यातल्या पाण्याला १ किलोवॅट उष्णता मिळत असेल तर सेकंदाला जवळजवळ पाऊण लिटर वाफ तयार होते, कारण १ लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होते. १२ मिलिमीटरच्या नळीतून ही वाफ सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने जाते. ४ मिलिमीटरच्या नळीत तोच वेग ६० मीटरच्या घरात जातो. त्या वेगाने वाफ पाण्याचे शिंतोडे, फेस, पानांचा चुरा सगळं ओढून नेते आणि भांड्यात दाबही वाढतो. नळी झाकणातून आधी वर जाऊ द्या, मग वळवा. वीतभर उंची मिळाली तरी उडालेलं पाणी परत खाली पडतं.

९. कॉइल करू की सरळ कंडेन्सर?

पहिल्यांदा कॉइल. ३ ते ४ मीटर लांब, सुमारे १० मिलिमीटर जाडीची मऊ तांब्याची नळी (एसीच्या कामाला वापरतात ती, नवीन) आणि १५-२० लिटरची बादली, एवढं दीड किलोवॅटपर्यंत पुरतं. बादलीच्या तळाशी भोक पाडून नळी बाहेर काढायची आणि तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) किंवा टाकीचा जोड लावायचा.

सरळ कंडेन्सर म्हणजे एका नळीभोवती दुसरी जाड नळी आणि मधून वाहतं पाणी. हा रसायनशास्त्रज्ञ लीबिगच्या नावाने ओळखला जातो, जरी ती रचना १७७१ मध्ये ख्रिश्चन वायगेल यांनी आधीच केली होती. तो साफ करायला सोपा, कारण आरपार दिसतं. पण त्याला सतत वाहतं पाणी लागतं आणि सांधे जास्त असतात. दाट किंवा गोठणारी तेलं काढायची असतील तर मात्र तोच घ्या, कारण प्रश्न १९ मध्ये आहे.

१०. तांब्याची नळी वळवताना मध्येच चपटते. काय करू?

नळी बारीक मिठाने गच्च भरा. एक टोक चिमटून बंद करा, मीठ ओता, लाकडी दांड्याने नळीवर टकटक करत राहा म्हणजे ते खाली बसेल, पुन्हा ओता. भरताना आळस केला तर जिथे पोकळी राहते नेमकी तिथेच नळी मोडते. मग दुसरं टोक बंद करून एखाद्या पाइपाभोवती किंवा जाड बाटलीभोवती सावकाश गुंडाळा. दोन्ही अंगठे शेजारी शेजारी ठेवून एका वेळी दोन-तीन बोटं एवढीच नळी पुढे सरकवायची. हाताला नळी अचानक 'ढिली' लागली तर थांबा, तिथे ती चपटायला लागली आहे. झाल्यावर टोकं कापून पाण्याने मीठ धुऊन काढा. वाळूपेक्षा मीठ बरं ते यासाठीच, आत अडकलेला शेवटचा कणही विरघळून जातो.

नळी कडक असेल तर लालसर होईपर्यंत तापवून थंड केली की मऊ पडते. आणि वेटोळी बादलीत बसवताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: वरपासून खालपर्यंत नळी सतत उतरती हवी. एखादं वेटोळं जरी मध्ये लोंबलं तरी तिथे पाणी साचतं (प्रश्न १७).

११. बादलीतलं पाणी बघता बघता गरम होतं आणि नळीतून वाफच यायला लागते. कॉइल लहान आहे का?

बहुधा नाही. पाणी कमी आहे. हाच प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून हिशेब मांडतो.

१ किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ते पाणी कोमट होईपर्यंत आणखी अडीचशे-तीनशे. म्हणजे १ लिटर अर्कामागे ढोबळमानाने २,५०० किलोज्यूल बादलीत जाणारच. १ लिटर पाणी १ अंशाने तापायला ४.१८ किलोज्यूल लागतात. २५ अंशांचं २० लिटर पाणी ६० अंशांपर्यंत नेलं तर त्यात सुमारे २,९०० किलोज्यूल मावतात. म्हणून २० लिटरची बादली १ लिटर अर्कापुरती, त्यापुढे नाही. कॉइल दुप्पट लांब केली तरी हा आकडा बदलत नाही.

उपाय तीन. एक, थंड पाणी बादलीच्या तळाशी सोडा आणि गरम पाणी वरून वाहून जाऊ द्या. गरम पाणी वरच राहतं, वाफ वरून आत येते आणि बाहेर पडता पडता तिला सगळ्यांत थंड पाणी भेटतं. उलट केलंत तर अर्धं पाणी वाया. निथळलेलं पाणी २५ वरून ५० अंशांवर जात असेल तर १ लिटर अर्काला साधारण २४ लिटर पाणी लागेल, ते दुसऱ्या टाकीत जमवून निवल्यावर पुन्हा वापरा. दोन, बर्फ. तो वितळताना किलोमागे ३३४ किलोज्यूल खातो, त्यामुळे ६० अंशांपर्यंतचा हिशेब धरला तर १ किलो बर्फ २५ अंशांच्या ४ लिटर पाण्याचं काम करतो. तीन, आच कमी करा. हा फुकटचा उपाय आहे आणि अर्कही त्यानेच चांगला येतो.

१२. सांध्यांना कोणता डाख चालेल?

शिसं नसलेला: कथील-चांदी किंवा कथील-तांबं. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचा ६०/४० डाख वापरू नका, त्यात ४० टक्के शिसं असतं. आणि 'थोडंसंच तर लागतं' हा युक्तिवाद इथे चालत नाही. डाख दिल्यावर फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावलेला लेप) गरम पाण्याने घासून काढा. भांडं कोरडं पडू देऊ नका. पाणी आहे तोवर आतलं तापमान १०० च्या आसपास राहतं, पाणी संपलं की ते भराभर चढतं आणि साधारण २२० अंशांच्या पुढे डाख वितळतो.

१३. सुरक्षेसाठी दाबमापक आणि व्हॉल्व लावू का? शेवटच्या टोकाला तोटी बसवली तर चालेल का?

तोटी कधीही नाही. भांड्यापासून बाटलीपर्यंतची वाट पूर्ण उघडी असली पाहिजे: तोटी नाही, बूच नाही, बाटलीच्या तोंडाला घट्ट बसवलेली नळीही नाही. वाट उघडी असेल तर दाब वाढतच नाही आणि दाबमापकाला दाखवायला काही उरत नाही. झाकण आट्यांनी किंवा क्लॅम्पने पक्कं आवळलेलं असेल (कुकर, दुधाचा कॅन, बिअरचा केग) तर सेफ्टी व्हॉल्व हवाच, पण तो उघड्या वाटेच्या जोडीला. तिच्या बदल्यात नव्हे.

नळीचं टोक जमलेल्या अर्कात बुडवूनही ठेवू नका. शेगडी बंद केली की भांड्यातली वाफ आकसते, आत पोकळी होते आणि बाटलीतला गार अर्क नळीतून उलटा खेचला जातो. पातळ पत्र्याचं भांडं अशा वेळी चेपू शकतं. टोक आणि पाणी यांत दोन बोटं अंतर ठेवा.

सोपी तपासणी: दर वेळी जोडण्याआधी नळीत तोंडाने फुंकर मारा. हवा सहज गेली पाहिजे.

१४. बनवून झालं. लगेच फुलं टाकू का?

आधी दोनदा रिकामं चालवा. पहिल्यांदा पाणी आणि थोडं व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड, दुसऱ्यांदा नुसतं पाणी. दोन्ही वेळचं पाणी फेकून द्या. यात फ्लक्स, तेलकटपणा, तांब्याचा हिरवा गंज निघून जातो. याच वेळी प्रत्येक सांध्याजवळ थंड चमचा धरा. गळती असेल तर चमच्यावर दव येतं. हात धरून बघू नका, वाफ दिसण्याआधीच भाजते.

१५. पाकळ्या पाण्यात टाकू की वर जाळीवर ठेवू?

वनस्पतीवर अवलंबून आहे. गवती चहा, निलगिरी, लॅव्हेंडर, तुळस: जाळीवर. जाळी पाण्यापासून चार-पाच बोटं वर असावी आणि पाणी उकळताना तिला लागू नये. लॅव्हेंडरमधलं लिनालिल ॲसिटेट पाण्यात फार वेळ उकळलं तर तुटतं आणि वास आंबूस होतो, वाफेत ते जास्त टिकतं.

गुलाबाच्या पाकळ्या याच्या उलट. वाफेने त्या एकमेकींना चिकटून गोळा होतो आणि वाफ बाजूने निसटते, म्हणून त्या पाण्यात मोकळ्या तरंगू द्या. मुळं आणि भरडलेली पावडरही पाण्यात. फक्त तळाला लागणार नाही हे बघा. लागलेल्याचा जळका वास अर्कात येतो आणि मग तो कशानेच जात नाही.

१६. आच किती ठेवू आणि कधी थांबू?

उकळी येईपर्यंत मोठी, पहिला थेंब पडल्यावर बारीक. थेंब मोजता येतील इतक्या वेगाने किंवा दोऱ्याएवढ्या धारेने अर्क यावा, तोही कोमट, म्हणजे ३० ते ४० अंशांचा. घरच्या यंत्राला तासाला अर्धा ते एक लिटर हा चांगला वेग.

थांबायचं ते वासावर. दर दहा-पंधरा मिनिटांनी वेगळ्या चमच्यात थोडा अर्क घेऊन हुंगा. सुरुवातीला फूल, मग फूल अधिक गवत, मग उकडलेल्या भाजीचं पाणी. भाजी आली की बाटली बदला. जेवढ्या वजनाची फुलं तेवढाच अर्क हा अंदाज धरून चालायला हरकत नाही. ताज्या अर्काला बऱ्याचदा एक शिजल्यासारखा वास असतो, त्यावरून लगेच निकाल देऊ नका. काही दिवसांत तो बराचसा निवळतो. वाळ्याची मुळं मात्र बारा तासांपेक्षाही जास्त वेळ घेतात, ते पहिल्या खेपेचं काम नव्हे.

१७. थेंबांऐवजी मध्येच पिचकारी उडते, मग बंद, मग पुन्हा पिचकारी. असं का?

कॉइलमध्ये कुठेतरी खोलगट भाग आहे. तिथे पाणी साचतं, वाफ मागे अडते, दाब थोडा वाढला की पाण्याचा गोळा ढकलून बाहेर टाकते. वेटोळी बाहेर काढून उतार सरळ करा. उतार बरोबर असेल तर आच जास्त आहे. आणि पिचकारीबरोबर रंगीत पाणी किंवा फेस येत असेल तर भांडं उतू जाऊन नळीत शिरतंय: शेगडी बंद करा, निवू द्या, भांडं कमी भरा. आलेलं पाणी पुन्हा भांड्यात ओता. ते अर्क नाही, काढा आहे.

१८. अर्क हिरवट किंवा निळसर आला. टाकून देऊ?

हो. तांब्यावरचा गंज त्यात उतरला आहे. कॉइल धुऊन तशीच ओली ठेवली की असं होतं. सायट्रिक ॲसिडचं गरम पाणी कॉइलमधून सोडा, साध्या पाण्याने धुवा, फुंकून कोरडी करा. दुधाळ, ढगाळ अर्क ही वेगळी गोष्ट आहे. ते तेलाचे बारीक थेंब असतात, आणि ती आनंदाची बातमी.

१९. बडीशेपेचं तेल काढताना धार हळूहळू थांबली, भांडं मात्र उकळतंय. काय झालं?

ताबडतोब शेगडी बंद करा. बडीशेपेच्या तेलातलं ॲनेथोल २१ अंशांच्या आसपास गोठतं. बादलीत बर्फ असेल तर ते नळीतच घट्ट होऊन वाट बंद करतं, आणि हीच ती परिस्थिती जी प्रश्न १३ मध्ये टाळायला सांगितली आहे. भांडं निवल्यावर बादलीतलं पाणी काढून कोमट पाणी भरा, तेल वितळून खाली येईल. अशा तेलांसाठी कंडेन्सरचं पाणी सुरुवातीपासून ३५ अंशांच्या आसपास ठेवायचं. गुलाबाचं तेलही थंडीत गोठतं, पण घरच्या यंत्रात ते इतकं कमी येतं की नळी तुंबत नाही.

२०. किलोभर गुलाब घातले, तेल दिसलंच नाही. यंत्रात दोष आहे का?

दोष नाही. १ किलो गुलाबतेलाला ३,००० ते ५,००० किलो फुलं लागतात. तुमच्या किलोभरातून येणार थेंब-दोन थेंब, तेही नळीच्या भिंतीला चिकटणार. शिवाय गुलाबाच्या वासातला फिनाइलइथाइल अल्कोहोल हा मोठा भाग पाण्यात बराच विरघळतो, तो अर्कातच राहतो. म्हणून गुलाबजल सुरेख येतं आणि तेल येत नाही.

तेल डोळ्यांनी बघायचं असेल तर लवंग घ्या. तिच्यात वजनाच्या १५ ते २० टक्के तेल असतं, घरी सगळं निघत नाही, पण १०० ग्रॅममधूनही दिसण्याइतकं मिळतं. निलगिरीची पानंही चांगली. फक्त लवंगेचं तेल वर शोधू नका. त्यातलं युजेनॉल पाण्यापेक्षा जड असतं, ते तळाला पिवळसर थेंबांच्या रूपात बसतं. वेगळं करायला सेपरेटिंग फनेल (खाली तोटी असलेलं नरसाळं) घ्या, नाहीतर अरुंद बाटली आणि लांब ड्रॉपर. तेल काढून उरलेलं सुगंधी पाणी पुढच्या खेपेला भांड्यात परत घातलं तर त्यातलं तेलही थोडंफार हाती लागतं.

२१. थर्मामीटर लागतो का?

पाणी आणि अर्कासाठी नाही. वाफ सगळा वेळ १०० च्या जवळपासच असते (उंचावर दर ३०० मीटरला साधारण १ अंश कमी). झाकणावरचा थर्मामीटर एवढंच सांगतो की वाफ वर पोचली, आता आच कमी करा. ते नळीला हात न लावताही कळतं, तिच्यावर टाकलेला पाण्याचा थेंब चुर्रकन उडतो.

२२. या यंत्रातलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालता येईल का?

तांब्याच्या कॉइलमधून आलेलं नाही. शुद्ध गरम पाणी तांब्याचा अंश उचलतं आणि लेड-ॲसिड बॅटरीला तो मारक आहे. त्यासाठी कॉइलही स्टीलची किंवा काचेची हवी. इस्त्रीसाठी तांबंही चालेल. पहिलं कपभर पाणी टाकून द्या, त्यात पाण्यातले उडून जाणारे घटक येतात. ज्या यंत्रातून निलगिरी काढली त्यातून 'शुद्ध' पाण्याची अपेक्षा ठेवू नका.

२३. अर्क किती टिकतो? प्यायला चालतो का?

अर्कात जंतू वाढू शकतात, कारण त्यात तेल नाममात्र असतं आणि बाकी पाणी. बाटली आणि बूच उकळून घ्या, फ्रीजमध्ये ठेवा, काही महिन्यांत संपवा. तंतू तरंगताना दिसले किंवा वास बदलला की टाकून द्या. तेल गडद काचेच्या बाटलीत, उन्हापासून दूर.

प्यायच्या बाबतीत मी हात आखडता घेईन. वनस्पतीची खात्रीशीर ओळख, कीटकनाशकाची फवारणी, यंत्रातला धातू: यातलं एक जरी नक्की नसेल तर पोटात नको. फुलवाल्याकडचे गुलाब तर अर्कालाही नकोत, ते खाण्यासाठी पिकवलेले नसतात. आणि निलगिरी किंवा कापूर असलेलं तेल लहान मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. ते थोडं पोटात गेलं तरी झटके येऊ शकतात.